ओट्यावरची प्रयोगशाळा: पदार्थांचे गुणधर्म मोजा, मिश्रण करा, पुन्हा वेगळं करा

सहावी-सातवीतल्या मुलांना घनता म्हणजे काय हे विचारलं की व्याख्या घडाघडा येते. मग त्यांच्या हातात खडीचा एक दगड द्या आणि म्हणा, याची घनता काढ. इथे बरीच मुलं अडतात, कारण दगड वेडावाकडा असतो आणि लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची असं काही त्याला लावता येत नाही. मुलांना समजत नाही असं मुळीच नाही. त्यांनी ती गोष्ट हाताने केलेली नसते, इतकंच.

हा लेख पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी आणि त्यांच्यासोबत बसणाऱ्या आईबाबा, आजीआजोबा, ताईदादांसाठी आहे. त्यात मी एकच धागा धरला आहे. कुठलंही मिश्रण वेगळं करता येतं, कारण त्यातल्या घटकांच्या निदान एका गुणधर्मात फरक असतो. लोखंड चुंबकाकडे जातं, वाळू जात नाही. मीठ पाण्यात विरघळतं, रांगोळी विरघळत नाही. म्हणून आधी गुणधर्म मोजायला शिकायचं, नंतर मिश्रणं बनवायची आणि शेवटी ती सोडवायची. पाठ्यपुस्तकात हे भाग वेगवेगळ्या धड्यांत, कधी वेगवेगळ्या इयत्तांत येतात आणि त्यांचं नातं हरवून जातं. सहावी आणि नववीची जी मुलं डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या प्रात्यक्षिक फेरीची तयारी करतात, त्यांनाही हा क्रम उपयोगी पडेल.

वन-रूम-किचनच्या घरातही हे सगळं होतं. अर्धा ओटा आणि खिडकीची एक कड मोकळी हवी. एका दिवसात उरकायला जाऊ नका, तीन-चार रविवार द्या.

सामान

किराणा मोजायचा डिजिटल वजनकाटा लागेल. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा चालतो. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली १० मिलिची सिरिंज आणा. सरळ उभ्या भिंतींची, अरुंद तोंडाची नसलेली पारदर्शक बाटली किंवा उंच ग्लास घ्या. बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक मिळालं तर उत्तम, कारण फ्रिजला लावायची शोभेची चुंबकं फार दुबळी असतात. धुवट सुती कापड, टिश्यू पेपर, मोबाइलचा टॉर्च, जाडं मीठ, साखर, तुरटी, रांगोळी आणि खायचं तेल बहुतेक घरात असतंच.

थर्मामीटर घ्यायचा असेल तर प्रयोगशाळेतला, उणे १० ते ११० अंश सेल्सिअस असा, लाल किंवा निळ्या द्रवाचा घ्या. ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर गरम पाण्यात कधीही घालू नका. तो साधारण ३५ ते ४२ अंशांपुरताच बनवलेला असतो, उकळत्या पाण्यात तडकतो आणि आत पारा असेल तर तो घरभर पसरतो.

तीन नियम पहिल्या दिवशीच सांगून ठेवा. प्रयोगातली कुठलीही वस्तू चाखायची नाही, साखर असली तरी नाही. गॅस मोठ्या माणसाने लावायचा. आणि आकडा दिसला की लगेच वहीत लिहायचा, एककासह. "६२" असं लिहिलं तर चार दिवसांनी ते ग्रॅम होते की मिलि, हे कुणालाच सांगता येत नाही.

पहिली पायरी: मोजपात्र स्वतः बनवा

बाजारात मापाचा जग मिळतो, पण मी मुलांना आधी स्वतःचं मोजपात्र बनवायला सांगेन. बाटलीवर कागदाची उभी पट्टी चिकटवा. सिरिंजने १० मिलि पाणी घाला, पाण्याच्या पातळीपाशी रेघ मारा. पुन्हा १० मिलि, पुन्हा रेघ. असं २०० मिलिपर्यंत करा.

पातळी वाचताना डोळे पाण्याच्या रेषेत आणा, म्हणजे खाली वाका किंवा बाटली उंच ठेवा. वरून पाहिलं तर आकडा जास्त दिसतो आणि खालून पाहिलं तर कमी. काचेजवळ पाणी जरा वर चढलेलं दिसतं. त्यामुळे नेहमी मधला खोलगट भाग वाचायचा.

आता पडताळणी. रिकामी बाटली काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि १०० मिलिच्या रेघेपर्यंत पाणी भरा. काटा १०० ग्रॅमच्या जवळ थांबायला हवा, कारण एक मिलि पाण्याचं वस्तुमान जवळजवळ एक ग्रॅम असतं. ९४ किंवा १०७ दाखवत असेल तर एखादी रेघ चुकली आहे किंवा सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला होता. पट्टी काढून पुन्हा करा. इथे घाई केली तर पुढचे सगळे आकडे चुकतात.

आकारमानाबद्दल एक छोटा प्रयोग इथेच करून टाका. ५० मिलि रांगोळी किंवा कोरडी वाळू घ्या आणि त्यात ५० मिलि पाणी ओता. एकूण १०० मिलि भरणार नाही. वाळूच्या बाबतीत साधारण ८० च्या आसपास भरतं. कणांमधल्या फटींत हवा होती, तिची जागा पाण्याने घेतली. म्हणजे भुकटीचं आकारमान नुसतं मापात भरून कळत नाही. ते पाण्यात बुडवूनच काढावं लागतं.

दुसरी पायरी: घनता, जरा सावकाश

मूठभर लोखंडी नट-बोल्ट घ्या. समजा त्यांचं वस्तुमान ११८ ग्रॅम भरलं. मोजपात्रात ५० मिलि पाणी घेऊन बोल्ट एकेक करून अलगद सोडा, पाणी उडू देऊ नका. पातळी ६५ वर गेली, तर बोल्टांचं आकारमान १५ मिलि झालं. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, म्हणून ११८ भागिले १५ म्हणजे ७.९ ग्रॅम प्रति मिलि. लोखंडाची घनता ७.८७ आहे. तुमचा आकडा ७.४ ते ८.४ च्या दरम्यान आला तरी प्रयोग नीट झाला असं समजा, कारण बाटलीवरची पातळी वाचताना एखादा मिलि इकडेतिकडे होणारच.

मूठभर बोल्ट का घ्यायचे, एकच का नाही? हा प्रश्न मुलांना विचाराच. एका बोल्टचं वस्तुमान समजा ८ ग्रॅम आहे आणि त्याने पाणी एक मिलिने वर सरकतं. वाचताना एक मिलिची चूक झाली आणि तुम्ही दोन वाचलंत, तर घनता एकदम ४ येते, म्हणजे निम्मी. तीच एक मिलिची चूक १५ मिलित झाली तर उत्तर थोडंच बिघडतं. चूक तेवढीच राहते, पण मोजायची गोष्ट मोठी केली की तिचा परिणाम कमी होतो. हे एकदा समजलं की मुलगा पुढे आयुष्यभर नीट मोजतो, आणि शाळेच्या पुस्तकात यावर फारसा भर नसतो याचं मला वाईट वाटतं.

आता तोच दगड घ्या, ज्यापाशी मुलं अडली होती. इमारतीच्या कामाजवळ सांडलेली खडी चालेल, रेल्वेरुळांजवळ मात्र कधीही जाऊ नका. मुंबईची खडी बहुधा काळ्या बेसॉल्टची असते, ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनलेल्या खडकाची. चार-पाच दगड धुऊन, पुसून, वजन करून पाण्यात सोडा. घनता २.८ ते ३ च्या आसपास येईल. बारीक छिद्रं असलेला दगड सापडला तर आकडा कमी येतो. ॲल्युमिनियम साधारण तिथेच, २.७ वर आहे. तांबं ९ च्या जवळ आणि सोनं १९.३. सोन्यात दुसरा धातू मिसळला की घनता उतरते, म्हणून दागिन्याची शुद्धता तपासायला हा गुणधर्म कामी येतो.

बटाटा हलका वाटतो, पण साध्या पाण्यात बुडतो. त्याची घनता १.०५ ते १.१ च्या दरम्यान असते. आता मोठ्या वाटीत २०० मिलि पाणी घेऊन त्यात छोटा बटाटा सोडा आणि पाच-पाच ग्रॅम मीठ विरघळवत जा. एका क्षणी बटाटा तळ सोडतो, मध्येच तरंगत राहतो आणि पुढच्या पाच ग्रॅमला वर येतो. साधारण २० ते ३२ ग्रॅमच्या दरम्यान हे घडतं. तो मधला क्षण पकडा: बटाटा मध्येच स्थिर आहे म्हणजे पाण्याची घनता आणि बटाट्याची घनता त्या वेळी सारखी आहे. तेवढं पाणी मोजून त्याची घनता काढली की बटाट्याची आपोआप कळली.

मग समुद्राच्या पाण्यात बटाटा तरंगेल का? मुलं "हो" म्हणतात. दादर किंवा गिरगाव चौपाटीवरून एक लिटरची बाटली भरून आणा आणि करून पाहा. बटाटा बुडतो. समुद्राच्या पाण्याची घनता फक्त १.०२५ च्या आसपास असते. हे काट्यावरही दिसतं. तीच बाटली काठोकाठ आधी नळाच्या पाण्याने भरून वजन करा, मग समुद्राच्या पाण्याने. फरक सुमारे २५ ग्रॅम येईल. हे पाणी अस्वच्छ असतं, तेव्हा हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

द्रवांचे थर लावायचे असतील तर उंच ग्लासात तळाला मध, त्यावर रंगीत पाणी, त्यावर तेल, असं चमच्याच्या पाठीवरून हळू ओता. मध १.४, पाणी १, शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल ०.९१ ते ०.९२. दिवाळीत ग्लासात पाणी, वर तेलाचा थर आणि त्यात वात असे पाण्याचे दिवे लावतात, ते याच फरकावर जळतात.

स्टीलची रिकामी वाटी तरंगते आणि चमचा बुडतो. वाटीच्या आकारमानात आतली हवाही मोजली जाते म्हणून तिची सरासरी घनता पाण्यापेक्षा कमी पडते. बंदरात उभी असलेली जहाजं याच हिशेबाने तरंगतात. वाटीत पाणी भरलं की तीही बुडते.

तिसरी पायरी: चुंबक, आणि झटपट दिसणारे गुणधर्म

रंग, वास, चकाकी, कठीणपणा यांवर फार वेळ घालवू नका. एका पानावर तक्ता करून संपवा. चुंबकाला मात्र घरभर फिरवा. एक रुपयाचं नाणं स्टेनलेस स्टीलचं असूनही चिकटतं. स्टीलचं एखादं पातेलं चिकटतं, दुसरं चिकटत नाही. म्हणजे "स्टील चुंबकाला चिकटतं" हे वाक्य अर्धवट आहे. स्टीलमध्ये निकेलसारखे धातू किती मिसळले आहेत आणि आतली रचना कशी आहे यावर ते ठरतं. इंडक्शन शेगडीसाठी भांडं घेताना तळाला चुंबक लावून बघतात ते यासाठीच. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम चिकटत नाहीत, धातू असले तरी.

चौपाटीवर गेलात तर चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या वाळूतून फिरवा. पिशवीला बारीक काळे कण चिकटून येतील. ते मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजाचे, बेसॉल्ट झिजून आलेले कण असतात. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढलं की कण सुटून पडतात. हे कण डबीत जपून ठेवा, पुढे लागतील.

चौथी पायरी: तापमान आणि अवस्था

ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी ग्लासात घ्या, ढवळत राहा आणि दर दोन मिनिटांनी तापमान लिहा. बर्फ वितळत असताना बाहेरून उष्णता सतत येते, तरी काटा शून्याजवळच राहतो. शेवटचा तुकडा संपला की मगच तापमान चढायला लागतं. आलेली उष्णता बर्फाचं पाणी करण्यात खर्च होत होती. या आकड्यांचा आलेख काढा. आडवी सपाट रेघ डोळ्यांनी दिसली की द्रवणांक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पाणी उकळताना असाच सपाट भाग १०० अंशांपाशी येतो. मुंबई समुद्रसपाटीला असल्याने आपल्याकडे तो खरोखर १०० च्या जवळ येतो. महाबळेश्वरला, साधारण १३५० मीटर उंचीवर, हवेचा दाब कमी असतो म्हणून पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. सुट्टीत जाणार असाल तर थर्मामीटर सोबत घ्या.

मिसळलेल्या पदार्थामुळे हे बिंदू सरकतात. तीन वाट्या बर्फात एक वाटी जाडं मीठ मिसळलं की तापमान शून्याच्या बरंच खाली उतरतं. कुल्फीचे साचे बर्फ-मिठात ठेवतात ते यासाठी. अगदी अचूक प्रमाण आणि तयारी असेल तर ते उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं. घरच्या थर्मामीटरचा द्रव तळाला जाऊन बसेल, तेवढं पुरे. त्या मिश्रणात बोट घालू नका, त्वचेला इजा होते.

पाचवी पायरी: विद्राव्यता

१०० मिलि पाण्यात पाच-पाच ग्रॅम मीठ घालून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. ३५ ग्रॅमपर्यंत जातं, पुढचं तळाला राहतं. हे संपृक्त द्रावण झालं. खोलीच्या तापमानाला आकडा ३६ च्या आसपास आहे. पाकिटातलं बारीक मीठ वापरलंत तर पाणी थोडं गढूळ दिसतं, कारण मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात मिसळलेली भुकटी विरघळत नाही. जाड्या मिठाने पाणी जास्त स्वच्छ राहतं.

काट्यावर आणि मोजपात्रावर एकदमच लक्ष ठेवा. १०० ग्रॅम पाणी आणि ३० ग्रॅम मीठ मिळून काटा १३० ग्रॅमच दाखवतो, विरघळल्याने काही हरवलेलं नाही. आकारमान मात्र ११० ते १११ मिलिच भरतं, म्हणजे वाढ १०-११ मिलिचीच, जरी कोरडं मीठ वाटीत या वाढीच्या दुपटीहून अधिक जागा व्यापत होतं. वस्तुमानाची बेरीज जमते, आकारमानाची जमेलच असं नाही.

साखरेचं गणित वेगळं आहे. १०० मिलि पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर खोलीच्या तापमानालाच विरघळते, आणि पाणी उकळतं असेल तर त्याच्या दुपटीहून जास्त. मिठाला मात्र उष्णतेने फारसा फरक पडत नाही, १०० अंशांनाही ते ३९ ग्रॅमच्या जवळच थांबतं. तुरटी थंड पाण्यात थोडी आणि गरम पाण्यात भरपूर विरघळते. त्यामुळे गरम पाण्यातली भरपूर तुरटी थंड होताना स्फटिक होऊन बाहेर पडते. दोऱ्याला तुरटीचा छोटा खडा बांधून तो द्रावण पूर्ण थंड झाल्यावर त्यात सोडा आणि आठवडाभर हलवू नका. मिठाचं द्रावण नुसतं थंड करून असे खडे मिळत नाहीत, तिथे पाणी उडून जायची वाट बघावी लागते. पुढे मिश्रण वेगळं करायची पद्धत निवडताना हा फरक वापरायचा आहे.

सहावी पायरी: तीन ग्लास, एक टॉर्च

तीन ग्लासांत पाणी घ्या. पहिल्यात चमचाभर जाडं मीठ विरघळवा, दुसऱ्यात दुधाचे चार-पाच थेंब टाका, तिसऱ्यात चमचाभर रांगोळी ढवळा. खोलीत अंधार करून ग्लासच्या एका बाजूने टॉर्चचा झोत सोडा आणि दुसऱ्या बाजूने बघा.

मिठाच्या ग्लासात प्रकाशाची वाट दिसत नाही. दुधाच्या ग्लासात झोत स्पष्ट, निळसर दिसतो. रांगोळीचा ग्लास धुरकट असतो. तासाभराने पुन्हा बघा. रांगोळी तळाला बसलेली असते, दूध आणि मीठ तसेच असतात. मीठ म्हणजे द्रावण, दूध म्हणजे कलिल, रांगोळी म्हणजे निलंबन. फरक आहे तो कणांच्या आकाराचा. द्रावणातले कण इतके लहान की प्रकाश त्यांच्यावरून विखुरत नाही. कलिलातले कण प्रकाश विखुरतात, पण खाली बसत नाहीत. निलंबनातले कण जड, म्हणून तळ गाठतात. कापडातून गाळून बघा: रांगोळीचा बराच भाग अडकेल, दूध आणि मीठ आरपार जातील.

हवा वायूंचं समांगी, म्हणजे सगळीकडे सारखं असलेलं, मिश्रण आहे, ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. पितळ हे तांबं आणि जस्ताचं. मिश्रण फक्त पाण्यातच होतं असा मुलांचा समज असतो, तो या दोन उदाहरणांनी जातो.

सातवी पायरी: मिश्रण सोडवा

आता मुख्य काम. २० ग्रॅम जाडं मीठ, ३० ग्रॅम रांगोळी, १० ग्रॅम टाचण्या किंवा स्टेपलरच्या पिना आणि सुताराकडचा चमचाभर भुसा एकत्र मिसळा. मुलांना लगेच पद्धत सांगू नका. त्यांना चारही घटकांचे गुणधर्म वहीत शेजारी शेजारी लिहू द्या: चुंबकाला चिकटतो का, पाण्यात विरघळतो का, तरंगतो का. क्रम त्या तक्त्यातून त्यांनाच सापडेल.

चुंबक आधी, पाणी नंतर. उलट केलंत तर ओल्या पिनांवर मुंबईच्या हवेत एका रात्रीत गंज चढतो. चुंबक पिशवीत घालून मिश्रणातून फिरवा, पिना सुकलेल्या बशीत सोडा, वजन करा. चौपाटीवरचे काळे कण जपून ठेवले असतील तर ते पुढच्या वेळी पिनांऐवजी वापरून बघा, काम जास्त अवघड होतं.

उरलेल्यात १०० मिलि पाणी घालून ढवळा. भुसा वर येईल, तो चहाच्या गाळणीने लगेच काढा. भुसा पाण्यात फार वेळ राहिला तर भिजून बुडतो आणि त्याचा तपकिरी रंग पाण्यात उतरतो, मग शेवटी मीठही पिवळट मिळतं.

रांगोळी खाली बसू द्या, वरचं पाणी हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात निवळून घ्या आणि उरलेलं टिश्यू पेपरच्या घडीतून गाळा. इथे बहुतेक जण थांबतात, पण ओल्या रांगोळीत अजून बरंच खारं पाणी असतं. तिच्यावर १० मिलि पाणी दोनदा घालून ते धुवण गाळून घ्या. एकदम २० मिलि घालण्यापेक्षा १० मिलि दोनदा घातल्याने जास्त मीठ निघतं. याहून जास्त पाणी घालू नका, कारण प्रत्येक मिलि पुढे सुकवावा लागणार आहे.

शेवटी मिठाचं पाणी पसरट ताटलीत उन्हात ठेवा. डिसेंबर ते मे या काळात दोन-तीन दिवसांत स्फटिक दिसू लागतात. जुलैत ठेवलंत तर आठवडा झाला तरी ताटली ओलीच राहते. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर असेल तर मीठ हवेतली वाफ उलट शोषून घेतं, आणि पावसाळ्यात मुंबईची हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते. डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं तेही याच कारणाने. अशा वेळी मोठ्या माणसाने जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर पाणी आटवावं आणि मीठ तडतडायला लागण्याआधी गॅस बंद करावा. उरलेलं पाणी भांड्याच्या उष्णतेने जातं.

भाईंदर, वसई या भागांतल्या मिठागरांचा हंगाम पावसाळा संपल्यावरच का सुरू होतो, हे ताटलीवरून लक्षात येतं. भरतीचं पाणी वाफ्यांत घेतात आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत ते दाट करत नेतात. आधी जिप्समसारखे कॅल्शियमचे क्षार बाहेर पडतात. पाण्याची घनता १.२ च्या आसपास आली की मीठ बसू लागतं. कडू मॅग्नेशियमचे क्षार शेवटच्या पाण्यात राहतात, म्हणून ते पाणी आटून जाऊ न देता काढून टाकतात. एकाच पाण्यातले तीन प्रकारचे क्षार नुसत्या विद्राव्यतेच्या फरकाने वेगळे होतात.

मग हिशेब मांडा. २० ग्रॅम मीठ घातलं आणि १८ मिळालं, तर दोन ग्रॅम कुठे गेलं? टिश्यूत, भुशात, भांड्याच्या कडेला. प्रत्येक जागा शोधून लिहा. आणि २० चे २२ ग्रॅम मिळाले तर खूश होऊ नका: मीठ ओलं आहे, किंवा रांगोळीची बारीक पूड गाळणीतून निसटून आली आहे. ते पुन्हा सुकवा आणि वजन दोनदा सारखं येईपर्यंत थांबा.

गढूळ पाणी आणि तुरटी

काही कण इतके बारीक असतात की ना ते लवकर खाली बसतात, ना कापडात अडकतात. कुंडीतली माती पाण्यात ढवळून दोन बाटल्यांत भरा. एकीत तुरटीचा खडा आठ-दहा वेळा फिरवा, दुसरी तशीच ठेवा. तासाभरात फरक दिसतो. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतप्रभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. तुरटीतले ॲल्युमिनियमचे आयन, म्हणजे धन प्रभार असलेले कण, तो प्रभार मोडतात, कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि खाली बसतात. वैतरणा, भातसा अशा धरणांतून येणारं मुंबईचं पाणी भांडुप आणि पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रांत याच तत्त्वाने निवळतं, मग वाळूच्या थरांतून गाळलं जातं आणि त्यात क्लोरिन मिसळतात. तुमच्या बाटलीतलं पाणी स्वच्छ दिसलं तरी पिऊ नका, जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

शाईतले रंग

काळ्या स्केचपेनचा ठिपका टिश्यूच्या पट्टीवर तळापासून दोन सेंटिमीटर वर द्या. रेघ मारायची असेल तर पेन्सिलने मारा, पेनची शाई स्वतःच पसरते. पट्टीचं फक्त खालचं टोक पाण्यात बुडू द्या, ठिपका पाण्याच्या वरच राहायला हवा. पाणी चढेल तसे निळा, गुलाबी, पिवळा असे रंग वेगवेगळ्या उंचीवर थांबतील. जो रंग पाण्यासोबत सहज जातो तो वर पोचतो, जो कागदाला जास्त चिकटतो तो मागे राहतो. पर्मनंट मार्करचा ठिपका पाण्याने हलत नाही, त्याला सॅनिटायझर लागतं, आणि सॅनिटायझर पेटतं म्हणून ते गॅसपासून लांब ठेवायचं.

आणखी पुढे जायचं असेल तर

वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आणि चुनाभट्टीचं मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन मुलांना दाखवावं असं आहे. घरी करायचं एक मोठं काम सुचवतो. चौपाटीवरचं गाळलेलं एक लिटर समुद्राचं पाणी मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली आटवा आणि उरलेल्या क्षारांचं वजन करा. खुल्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते किराणा दुकानातल्या मिठापेक्षा लवकर ओलसर होतात, म्हणून गरम असतानाच झाकण लावून वजन करा. मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा, एकाच ठिकाणचं, भरतीच्या वेळचं पाणी घ्या. पावसाचं आणि नाल्यांचं गोडं पाणी मिसळल्याने ऑगस्टचा आकडा कमी यायला हवा. किती कमी येतो ते जागेवर अवलंबून आहे, आणि माहीमच्या खाडीजवळ राहणाऱ्या मुलाचा आकडा जुहूच्या मुलापेक्षा वेगळा येईल. दोघांनी वह्या शेजारी ठेवून बघाव्यात.